साहेबांचं वजन

मुरलीधर देवपुजारी या माणसाचं एकदा तरी चारचौघांत नाक कापलं जावं, अशी माझी चौदाव्या वर्षापासूनची इच्छा होती. देवासमोर हात जोडले की मुली आधी विद्या मागतात, मग नवरा मागतात. मी देवपुजारीचं नाक मागायचे. देव बहुधा कंटाळला असावा, कारण शेवटी ते काम मला स्वतःलाच करावं लागलं, आणि त्यासाठी मला एक एम.एस्सी.ची पदवी आणि एकशे साठ किलो बीड लागलं.

गोष्ट एका वाक्याची आहे. साल १९४३. लढाई ब्रह्मदेशाच्या जंगलात चालू होती आणि जबलपूरचे कारखाने तीन पाळ्यांत. माझे बाबा, अच्युतराव पिंपळखुटे, तोफेच्या बारुदीच्या विभागात काट्यावर होते. तोफेचा गोळा उडतो तो त्याच्या मागे ठेवलेल्या बारुदीच्या थैलीच्या जोरावर. थैली दोन पौंडांची असायची. बाबांनी ती काट्यावर ठेवायची, बरोबर दोन पौंड भरली की आकडा लिहून सही करायची आणि पुढे सरकवायची. थैली कमी भरली तर गोळा कमी जातो, हे बाबांनीच मला सांगितलं होतं. गोळ्याला आपला आणि परका कळत नाही, जोर संपला की तो पडतो, असं ते म्हणायचे. आपल्या कामाचा त्यांना फार अभिमान होता. घरी साखर आणली तरी पुडी तळहातावर तोलून बघायचे.

त्या मे महिन्यात गोदामातल्या काही थैल्या फेरतपासणीत अर्धा औंस कमी निघाल्या. सगळ्यांवर बाबांची सही. चौकशी बसली. टेबलामागे एक गोरा कर्नल, त्याच्या बाजूला बाबांच्या विभागाचा कॅप्टन, आणि कोपऱ्यात टाइपरायटरवर मुरलीधर देवपुजारी. तो तेव्हा साधा कारकून होता. नागपूरकडचा, आमच्याच आळीत राहणारा. कामगार जे बोलेल त्याचं इंग्रजी करून टाइप करायचं, हे त्याचं काम. विभागाचा कॅप्टन म्हणजे तीन मणांचा ऐवज. त्याच्यासाठी सुताराकडून वेगळी खुर्ची करून घेतली होती, एवढं सांगितलं की पुरे.

माणूस घाबरला की मातृभाषेत शिरतो. बाबा मराठीत बोलले. देवपुजारीनं ते इंग्रजीत उतरवलं, आणि त्याचा अर्थ असा होत होता: तोलताना साहेब काट्याजवळ उभे होते, त्यांच्या शरीराच्या वजनाचा परिणाम काट्यावर झाला आणि त्यामुळे आकडा चुकला. कर्नलनं कागद वाचला. मग मान वळवून कॅप्टनच्या पोटाकडे पाहिलं. मग तो जो हसायला लागला तो थांबेना. "हा न्यूटन तुम्हाला सापडला कुठे?" असं त्यानं विचारलं म्हणे. कॅप्टनही हसला, कारण हसण्यावर निभावत असेल तर कोण नाही म्हणतो? चौकशी त्याच सकाळी आटोपली. काटा जुना, तोलणारा भोळसट, असा निकाल. बाबांना काट्यावरून उचलून गोदामात पोती मोजायला बसवलं.

जेवणाच्या सुट्टीच्या आत ते सगळ्या कारखान्याचे न्यूटन झाले होते. संध्याकाळपर्यंत आळीचे झाले. न्यूटन आणि सफरचंद एवढं सगळ्यांनाच ठाऊक होतं. जबलपुरात सफरचंद परवडत नाही म्हणून पोरं पेरू वापरायची. बाबा सायकलवरून आले की पुढ्यात पेरू टाकायचा आणि ओरडायचं, "न्यूटनकाका, देखो, गिर गया." शाळेत माझ्या डोक्यावर पडले ते वेगळेच. आई वर्षभरात खचली. बाजारात जाणं तिनं सोडलं, आणि माझ्यासाठी दोन स्थळं आली ती न्यूटनची मुलगी एवढं ऐकून परत गेली. तिसरं मीच परत पाठवलं, कारण मुलगा बघायला आला आणि चहा पिताना गालातल्या गालात हसला.

देवपुजारीचं मात्र चढतंच गेलं. हेडक्लार्क झाला, मग ऑफिस सुपरिंटेंडेंट, आणि निवृत्त होण्याआधीच जबलपुरातल्या आमच्या गोरखपूर वस्तीच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष. दरवर्षी कोजागिरीला दूध आटत असताना कुणीतरी म्हणायचं, "मुरलीधरराव, ते न्यूटनचं सांगा ना." आणि तो सांगायचा. कर्नलचा आवाज काढून, कॅप्टनचं पोट हातांनी दाखवून. बाबा समोर बसलेले असायचे आणि तेही हसायचे. देवपुजारीपेक्षा मला त्या हसण्याचा जास्त राग यायचा. अपमान गिळणारा माणूस एक वेळ समजतो; अपमानाला टाळी देणारा बाप कसा समजायचा?

आणि खरं सांगायचं तर बरीच वर्षं मलाही वाटत होतं की बाबा तसंच काहीतरी बावळट बोलले असतील.

१९५८ साली एका रविवारी ते वर्तमानपत्र वाचत होते. कुठल्याशा पुढाऱ्याच्या भाच्याला मोठं कंत्राट मिळाल्याची बातमी होती. बाबा चष्मा वर करून सहज म्हणाले, "मामाचं वजन पडलं असंल."

मी तांदूळ निवडत होते. हात थांबला. "बाबा, चौकशीत तुम्ही काय म्हणाला होतात? शब्द सांगा."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "काहून विचारून राहिली?"

"सांगा ना."

"साहेबांचं वजन पडलं, असं म्हटलं होतं."

मी उठून उभी राहिले. साहेबांचं वजन पडलं. दबाव आला, भीड पडली, वरून हुकूम झाला. मराठीत हे पाच वर्षांच्या पोराला कळतं. एखाद्या बंगाली बाबूनं त्याचं शरीराचं वजन केलं असतं तर मी चूक म्हणून सोडून दिलं असतं. पण देवपुजारी नागपूरचा होता, विलायतेचा नव्हता. त्याला कळलं नाही असं होऊच शकत नाही. त्यानं जाणूनबुजून माझ्या बापाला बावळट करून टाकलं होतं, वरच्याला वाचवण्यासाठी आणि स्वतःची बढती पक्की करण्यासाठी. त्या दिवशी मी किती खूश होते ते काय सांगू. माझे बाबा मूर्ख नव्हते. मी हसत होते, रडत होते, त्यांच्या गळ्यात पडत होते, आणि ते वर्तमानपत्राची घडी घालत म्हणत होते, "जाऊ दे ना आता, बेटा."

जाऊ द्यायला मी काय संत होते? मी मुलींच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होते, आणि तो विषयच मुळी मी या रागापायी घेतला होता. नागपूरच्या कॉलेजातली जागा मी सोडली, कारण देवपुजारी जबलपुरात होता. मला एकच गोष्ट हवी होती. बाबांच्या हयातीत, त्यांच्या देखत, भर मंडळात देवपुजारीनं आपल्या तोंडानं त्या वाक्याचा खरा अर्थ सांगायचा. तोवर मी वाट बघायला तयार होते.

संधी १९६५च्या लढाईनं दिली. सप्टेंबरात युद्ध झालं, गाड्यांचा भरवसा राहिला नाही, आणि डिसेंबरच्या व्याख्यानमालेला बाहेरचे वक्ते मिळेनात. मंडळाच्या चिटणीस सुमेधाताई माझ्याकडे आल्या. एक दिवस तरी विज्ञानावर बोल म्हणाल्या. मी लगेच होकार दिला आणि विषय लिहून दिला: वस्तुमान आणि गुरुत्वाकर्षण, प्रयोगासह. अध्यक्षस्थानी अर्थातच मुरलीधर देवपुजारी.

चौथ्या दिवशी तो माझ्या प्रयोगशाळेत हजर. अंगानं चांगलाच सुटला होता, जिना चढून धापा टाकत होता.

"अच्छा विषय आहे," तो म्हणाला, "पण दुसरा घे ना. चंद्राचं सांग. लोकांना चंद्र आवडते."

"चंद्रही यातच येतो, काका."

त्यानं टेबलावरचं भिंग उचललं आणि परत ठेवलं. "विनता, अच्युतराव आहेत तोवर हे नको उकरू. माझ्यासाठी नाही म्हणून राहिलो."

घाबरला, असं मी मनात म्हटलं. चोराच्या मनात चांदणं. मी त्याला चहा पाजला आणि अध्यक्षांनी वेळेवर यावं एवढीच विनंती केली. तो गेल्यावर मी इतकी खूश होते की वर्गात मुलींना दहा मिनिटं आधी सोडून दिलं.

प्रयोग जुनाच आहे, कुठल्याही पुस्तकात मिळेल, पण तो घरगुती सामानातून उभा करायला मला दोन महिने लागले. पाच फुटी हलकी कामटी, तिच्या दोन टोकांना शिशाचा एकेक गोळा. कामटी मधोमध बांधून एका बारीक तारेला आडवी टांगायची. ही तार म्हणजे विजेच्या वायरीतला केसासारखा एकच पदर. कुणी एका टोकाला अगदी हलकं ओढलं तरी तार पिळते आणि कामटी फिरते. तारेला आरशाचा तुकडा चिकटवला, त्यावर दिव्याची तिरीप सोडली, की समोरच्या भिंतीवर प्रकाशाचा ठिपका पडतो. कामटी केसभर फिरली की ठिपका बोटभर सरकतो. वारा लागू नये म्हणून सगळं काचेच्या कपाटात. सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात ना, तसाच प्रकार. तारेचा पीळ सांगतो की ओढणारा किती जोरानं ओढतोय.

ओढायला मोठं वस्तुमान हवं. ते मी बाजारातल्या धान्याच्या दुकानातून मागून आणलं: वीस-वीस किलोची बिडाची आठ वजनं. मंडळाचा शिपाई बळीराम यानं ती हातगाडीवर घालून आणली. बळीराम पूर्वी पायदळात होता. मागच्या मोठ्या लढाईत ब्रह्मदेशात डाव्या पायाचा चवडा गमावून आला होता. लंगडत लंगडत त्यानं आठही वजनं भिंतीशी रचली, आणि मी मदतीला गेले तर, "ताई, तुमचं काम बोलायचं," म्हणून मला बाजूला केलं.

रविवारी सकाळी नऊला सभागृह भरलं. सप्टेंबरात ब्लॅकआउटच्या हुकुमासाठी खिडक्यांना चिकटवलेले खाकी कागद अजून कुणी काढले नव्हते, त्यामुळे मला अंधार फुकट मिळाला. बाबा दुसऱ्या रांगेत, टोपी मांडीवर घेऊन. देवपुजारी अध्यक्षांच्या खुर्चीत, हार गळ्यात.

मी छान बोलले. स्वतःच सांगते, कारण त्या दिवशीचं तेवढंच सांगण्यासारखं आहे. वस्तुमान म्हणजे वस्तूत माल किती, आणि वजन म्हणजे त्या मालाला पृथ्वी किती जोरानं ओढते. पण ओढणं ही पृथ्वीची मक्तेदारी नाही. जगातली कुठलीही वस्तू दुसऱ्या कुठल्याही वस्तूला ओढते. वाटी भांड्याला ओढते, तुम्ही शेजाऱ्याला ओढता. एकाचं वस्तुमान दुप्पट केलं तर ओढ दुप्पट; दोघांचंही दुप्पट केलं तर चौपट. आणि अंतर दुप्पट केलं तर ओढ चौथाई. मग शेजारी आपल्यावर येऊन का आदळत नाही? कारण ही ओढ इतकी दुबळी असते की तिच्या मागे पृथ्वीएवढं धूड असल्याशिवाय ती जाणवतच नाही.

"मराठीत वजनाला आणखीही एक अर्थ आहे," मी म्हटलं. "तो शेवटी बघू."

लोक हसले. देवपुजारी हसला नाही.

मग बळीरामनं चार वजनं एका गोळ्याच्या जवळ आणि चार दुसऱ्याच्या जवळ, उलट बाजूला, मी आखलेल्या जागी सरकवली. सगळे भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघत राहिले. दोन मिनिटं काहीच झालं नाही. मागून कुणीतरी खोकलं. मग ठिपका निघाला, गोगलगायीच्या चालीनं, आणि चांगला वीतभर जाऊन डुलायला लागला. बीड शिशाला ओढत होतं आणि लोकांना ते डोळ्यांनी दिसत होतं. बाबा पुढे वाकून बघत होते. काट्यावरचा माणूस शेवटी.

"आता अध्यक्षांना विनंती," मी म्हटलं. "चार वजनांच्या जागी त्यांनी बसावं."

वजनं हलवली, स्टूल ठेवलं, देवपुजारी बसला. नाही म्हणायची सोय नव्हती. पुन्हा वाट पाहिली. ठिपका सरकला. थोडाच, दोन बोटं, पण सरकला. टाळ्या पडल्या.

"बघा, काकांचंही वजन पडतं," मी म्हटलं. हशा झाला, मोठा. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या सभागृहात तो हशा आमच्यावर नव्हता. मला तो अमृतासारखा लागला.

मग मी दिवे लावले आणि फळ्यावर गणित मांडलं. समजा एकशे दहा किलोचा एक साहेब काट्यापासून दोन फुटांवर उभा आहे. काट्यावर दोन पौंडांची थैली. साहेबाच्या ओढीनं त्या थैलीच्या वजनात किती फरक पडेल? मी एकेक आकडा मोठ्यानं वाचत गेले. उत्तर आलं ते एका ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाच्या दुपटीहूनही थोडं कमी. थैली तर अर्धा औंस कमी भरली होती, म्हणजे चौदा ग्रॅम. तेवढा फरक पाडायचा तर असे साहेब किती हवेत? मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: पंचाहत्तर लाख.

"पाऊण कोटी साहेब," मी म्हटलं, "आणि तेही सगळे एकाच जागी उभे करावे लागतील."

लोक पोट धरून हसले. तेव्हा त्यांच्या लक्षात यायला लागलं की मी कशाबद्दल बोलतेय, आणि हसू रांगेरांगेनं थांबत गेलं. काही माना बाबांकडे वळल्या, काही देवपुजारीकडे.

"मुरलीधरकाका, साहेबांच्या शरीरानं काटा हलला नाही, हे गणितानं सांगितलं. माझे बाबा तेव्हा वीस वर्षं काट्यावर होते, त्यांनाही ते ठाऊक होतं. ते मराठीत बोलले आणि इंग्रजीत तुम्ही लिहिलं. इथे सगळे मराठी आहेत. बाबा काय म्हणाले होते ते सांगा."

तो स्टुलावर तसाच बसून होता, हार गळ्यात. "राहू दे ना, बेटा."

"नाही."

"साहेबांचं वजन पडलं, असं म्हणाले होते," तो म्हणाला. "म्हणजे दबाव पडला. मला समजलं होतं."

झालं. बावीस वर्षं मागितलेलं मिळालं. सभागृहात कुजबुज उठली, कुणीतरी "अरे राम" म्हणालं. तिथे थांबले असते तर आज ही गोष्ट मी ताठ मानेनं सांगितली असती. पण सुडाचं पोट भरत नाही. शेरास सव्वाशेर होऊन माझं भागेना. मला त्याला जमिनीवर लोळवायचं होतं.

"असं अर्धवट नको," मी म्हटलं. "पूर्ण वाक्य सांगा. आठवतं ना?"

देवपुजारीनं बाबांकडे पाहिलं. मीही पाहिलं. बाबांनी मान हलवली. हो म्हणून की नको म्हणून, ते मी नीट बघितलं नाही. मला बघायचंच नव्हतं.

देवपुजारी उठून उभा राहिला आणि जबानी वाचावी तसं म्हणाला, "‘साहेबांचं माझ्यावर वजन पडलं, म्हणून थैल्या कमी भरून राहिल्या हे दिसत असूनही मी दोन पौंडांची सही केली.’ असं वाक्य होतं."

माझ्या हातात खडू होता.

"हे जसंच्या तसं इंग्रजीत लिहिलं असतं तर सही करणारा जेलात जात होता," तो पुढे म्हणाला. आवाजात जोर नव्हता, रागही नव्हता. "लढाईचा कायदा होता. साहेबाला कोणी हात लावला नसता. मी पुढचं गाळलं आणि वजन तेवढं ठेवलं. माझी पण नोकरी वाचली, ते पण खरं आहे."

"आणि दरसाल कोजागिरीला?" मी विचारलं.

"लोक हसून राहिले की विचारत नाहीत, बेटा."

आता कुणीतरी विचारणारच होतं. बळीराम वजनांपाशी उभा होता. त्यानं बाबांकडे बघून विचारलं, "अच्युतदादा, त्या थैल्या गेल्या कुठं?"

बाबा उभे राहिले. शाळेत मुलगा उभा राहतो तसे, टोपी दोन्ही हातांत धरून. "दोन हजार चारशे होत्या. गोदामात सहाशे सापडल्या."

"बाकीच्या?"

"बाकीच्या गेल्या."

"कधीच्या होत्या?"

"फेब्रुवारीच्या. महिना संपून राहिला होता, आकडा पुरा होत नव्हता. साहेब म्हणाले, चालू ठेव. मी चालू ठेवलं."

बळीरामनं आपल्या डाव्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाला, "त्या साली पावसाच्या तोंडावर आमच्याच तोफेचा गोळा आमच्यावर पडला होता. सात जण गेले. त्याच थैलीचा होता असं मी म्हणून नाही राहिलो. लढाईत असं होते." एवढं बोलून तो वाकला आणि एकेक वजन उचलून दाराबाहेर हातगाडीवर ठेवायला लागला, कारण दुकान अकराला उघडायचं होतं. मदतीला कुणी उठलं नाही. आठ वजनं, आठ खेपा. त्या फरपटणाऱ्या पायाचा आवाज आम्ही सगळ्यांनी आठ वेळा ऐकला.

आभारप्रदर्शन झालंच नाही. सुमेधाताईंनी फळा पुसला. लोक बाहेर पडताना बाबांना वाट करून देत होते, जास्तच करून देत होते, अंग चोरून. एकानंही त्यांना न्यूटन म्हटलं नाही. दारात देवपुजारी हार काढून हातात घेऊन उभा होता. मला वाटलं आता तरी तो जिंकल्यासारखा बघेल, म्हणजे मला त्याचा राग धरता येईल. त्यानं बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

आम्ही चालतच घरी आलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण मला स्वतःचा राग येण्याआधी बाबांचा आला. माझी खोड जात नाही. सात वर्षांपूर्वीच यांनी तोंड उघडलं असतं तर मी देवपुजारीला कशाला उभं केलं असतं? बाबा ओसरीवर बसून बुटांचे बंद सोडत होते. गाठ सुटत नव्हती. मी खाली बसून ती सोडवली.

"मला तेव्हा अर्धंच वाक्य का सांगितलं, बाबा?" मी विचारलं. "पुढचं सांगायचंत ना."

त्यांनी बूट काढून बाजूला ठेवले. रागावलेले नव्हते, थकलेले होते.

"सांगणार होतो," ते म्हणाले. "पण तू अर्ध्यावरच इतकी खूश झालीस."